दातानं गेला

पिपरटोल्याची तुलसा टेंभरे सकाळी उठली की आधी गुडाखू घासायची. मग चूल, मग गोठा, मग बाकी सगळं. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाच्या काकवीची काळी, चिकट मळी. पत्र्याच्या चपट्या डबीत मिळते. बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची, तोंड मिटून बसायचं आणि डोकं हलकं झालं की थुंकून उठायचं. माहेरी, गोंदियाकडच्या गोरेगावाजवळच्या खेड्यात, तिनं डबीला कधी हात लावला नव्हता. तिथं बाप कडुनिंबाची काडी मोडून द्यायचा. लग्न होऊन ती दवनीवाड्याच्या पुढं, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या या टोल्यावर, लहानशा वस्तीवर, आली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिची दाढ ठणकायला लागली. सासू सुलोचनाबाईनं आपली डबी पुढं केली.

"लाव व. आत्ता राहते."

दाढ राहिली आणि डबी लागली. टोल्यातल्या बहुतेक बायकांचं असंच झालं होतं, त्यामुळं त्यात सांगण्यासारखं कोणाला काही वाटत नव्हतं.

तुलसाला आधी रुचि झाली आणि दोन वर्षांनी दुर्गेश. दुर्गेश आजीचा फार लाडका. तो झोपत नसला की सुलोचनाबाई साखर घातलेल्या दुधाची शिशी त्याच्या तोंडात द्यायची आणि पोरगा शिशी तोंडात तशीच ठेवून झोपायचा. तीन वर्षांचा झाला तरी शिशी सुटली नाही. समोरच्या दातांच्या कडा आधी पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग त्या कडा झिजून खुंट राहिले. मागच्या दाढांना भोकं पडली. तुलसाला ते दिसत होतं. न्हाऊ घालताना त्याचं तोंड उघडं असायचं आणि दिसायचंच.

"दुधाचे दात होत," सुलोचनाबाई म्हणायची. "पडतीन. नवे येतीन."

शेजारणी तेच म्हणायच्या. शाळेचे गुरुजीही तेच म्हणाले. तुलसाचा नवरा टिकाराम तर म्हणायचा, की त्याचे स्वतःचे दातही असेच होते आणि आता तो ऊस सोलून खातो.

दुर्गेशला दात दुखला की तो रडायचा नाही. गालाला तळहात लावून ओट्यावर बसायचा आणि नाकातून एकसुरी गुणगुणत राहायचा. आवाज आला की तुलसा ओळखायची. हातातलं काम टाकून ती यायची, डबीतली चिमूटभर गुडाखू त्याच्या दाढेच्या भोकात दाबायची. पोरगा थोडा वेळ थुंकायचा, मग सुस्त होऊन झोपायचा. आपल्याला राहते तशी त्यालाही राहते, एवढंच तिला ठाऊक होतं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. त्या साली दिवाळीनंतर धान एकदम कापायला आलं. त्याच सुमाराला दुर्गेशचा उजवा गाल सुजला. मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा एक डॉक्टर होता, त्यानं सुई दिली, गोळ्या दिल्या. सूज उतरली. निघताना तो म्हणाला, "गोंदियाला नेऊन दात काढून घ्या. हा पुन्हा फुगेल."

"धान चुरून होऊ दे," टिकाराम तुलसाला म्हणाला. "मग नेऊन आणू."

"हो," तुलसा म्हणाली.

सूज उतरली होती, पोरगा खेळत होता आणि बांधीत, भाताच्या शेतात, कापलेलं धान उघड्यावर पडलं होतं. ढग आले असते तर सगळंच गेलं असतं. दोघांनाही ते बरोबर वाटलं.

खळ्यावर चुरणी, म्हणजे धानाची मळणी, चालू असतानाच सूज परत आली. या वेळी ती गालावर थांबली नाही, हनुवटीखाली उतरली. गळा दगडासारखा टणक झाला. अंगात ताप, तोंड पुरतं मिटेना, लाळ गिळता येईना. टिकारामनं शेजारच्या गावातून जीप आणली. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरनं चमच्यानं जीभ दाबायला पाहिलं, पण जीभच वर उचलली गेली होती. त्यानं हनुवटीखाली बोटं दाबून पाहिली आणि टिकारामकडं वळला.

"दाँत कब से दुख रहा था?"

टिकारामनं तुलसाकडं पाहिलं. तुलसानं सांगितलं, "दोन वर्सापासून."

"पस गले में उतर गया है. साँस की नली दब रही है. इसे अभी नागपुर ले जाना पड़ेगा."

दवाखान्याच्या गाडीत दुर्गेशचं डोकं तुलसाच्या मांडीवर होतं. त्याच्या घशातून घुरघुर आवाज येत होता आणि ती त्या आवाजाकडं कान लावून बसली होती. दुपारची वेळ होती, बाहेर लख्ख ऊन होतं. साकोली मागं पडली आणि घुरघुर थांबली. तुलसाला वाटलं, झोप लागली. दवाखान्यातून बरोबर दिलेल्या माणसानं पोराच्या छातीवर हात ठेवला, मग गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. तरीही तिला काही वेळ तसंच वाटत राहिलं.

घरी आणल्यावर बायका जमल्या. त्या तुलसाच्या रडण्याची वाट पाहत होत्या. सुलोचनाबाई भिंतीवर डोकं आपटत होती, तिला दोघींनी धरून ठेवलं होतं. तुलसा दाराशी बसली होती. कोणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड व माय. रडून घे."

तुलसानं तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बैलायले कोणी तणीस टाकली का?"

ते बोलणं टोल्यात बरेच दिवस फिरत राहिलं. काही जणी म्हणाल्या, तिला धक्का बसला. काही म्हणाल्या, मन कठोर आहे. तुलसाला यातलं काही लागलं नाही. बोलणं ऐकू यायचं, पण कोणातरी दुसऱ्याविषयी चाललंय असं वाटायचं. ती उठायची, रांधायची, शेण काढायची. जेवणाला चव नव्हती आणि चव नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. डबी आता सकाळपुरती राहिली नाही. दुपारी, तिसऱ्या प्रहरी, भांडी घासून झाल्यावर, हात रिकामा झाला की बोट डबीत जायचं. रुचि आपली वेणी आपणच घालायला शिकली. वाकडी व्हायची. तुलसा ती पाहायची आणि सरळ करायची राहून जायची.

टिकाराम लोकांना सांगायचा, पोरगा तापानं गेला. सुरुवातीला त्यानं खरं सांगितलं होतं. पण गोरेगावच्या बाजारात एकजण म्हणाला, "दातानं कोणी मरते का गा?" आणि बाजूचा दुसरा हसला. तो वाईट मनानं हसला नव्हता, त्याला ते खरंच वाटलं नसेल. त्यानंतर टिकारामनं ताप सांगायला सुरुवात केली. तापाला कोणी हसत नाही, वरून चार प्रश्नही विचारत नाही. तुलसाच्या कानावर ते पडायचं. तिनं कधी दुरुस्ती केली नाही.

तीनेक वर्षांनी टोल्याच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली. अंगणवाडीच्या सेविका नंदाबाई याच गावच्या. त्यांनी तुलसाचं नाव सुचवलं. लोक म्हणाले, पोरांत राहील तर जीव रमेल. जीव रमला वगैरे काही नाही. ती सकाळी खोली झाडायची, पोरांना घरोघरून गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. पोरं तिला मावशी म्हणायची. ती त्यांना मारत नव्हती, ओरडत नव्हती, मांडीवरही घेत नव्हती.

एकदा गोंदियाहून दातांची एक तरुण डॉक्टरीण पोरांची तोंडं तपासायला आली. तिनं एकेकाला खिडकीच्या उजेडात उभं करून पाहिलं. मग आयांना बसवून सांगितलं. ब्रश लहान आणि मऊ घ्या. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मोठ्याला वाटाण्याएवढी. सकाळी घासा आणि रात्री झोपायच्या आधी घासा. रात्री घासून झालं की पाण्याशिवाय तोंडात काही द्यायचं नाही, दुधाची शिशीही नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानं घासून द्यायचं, लेकराच्या हाताला ते जमत नाही. काळा ठिपका दिसला तर दुखायची वाट पाहू नका, लगेच दाखवायला आणा. आणि गुडाखू कोणाच्याही दाताला लावायची नाही.

"पण म्याडम," नंदाबाई म्हणाल्या, "हे तं पडणारेच दात आहेत."

"मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तोपर्यंत लेकराला त्यांनीच खायचंय, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागाही त्याच धरून ठेवतात. शिवाय पू झाला, तर हा दात दुधाचा की पक्का, हे तो बघत नाही."

तुलसा कोपऱ्यात खिचडी ढवळत होती. तिला सगळं ऐकू आलं. कढई उतरवताना तिच्या मनगटाला चटका बसला, तो तिला संध्याकाळी फोड आल्यावर कळला.

डॉक्टरीण जाताना ब्रशांचं एक खोकं ठेवून गेली. नंदाबाईंच्या मागं वजनं होती, लसीकरण होतं, बैठका होत्या. त्यांनी घासायचं काम तुलसाला दिलं. रोज आल्या आल्या तुलसा पोरांना हातपंपाजवळ रांगेत बसवायची. मागून हनुवटी धरायची, डोकं आपल्या पोटाला टेकवायचं आणि घासायचं. वरचे, खालचे, आतून, बाहेरून, मागच्या दाढांचे माथे. डॉक्टरीण दाखवून गेली होती तसं, एकही जागा न सोडता. खिचडीची कढई घासावी तितक्याच निगुतीनं, आणि तितक्याच कोरडेपणानं. पोरं आधी रडली, चावली, मग सवयीनं तोंड उघडायला लागली. असंच दीड-दोन वर्षं चाललं.

स्वतःची गुडाखू ती पोरं जेवायला बसली की अंगणवाडीच्या मागच्या भिंतीशी घासायची. तिथं तिला कोणी पाहत नाही असं तिला वाटायचं. खरं तर तिनं त्याचा विचारच केला नव्हता.

बकाराम पारधी म्हणून एक म्हातारा टोल्यात होता, त्याची नात रिंकू चार वर्षांची होती. फार बोलकी नव्हती, पण तुलसाच्या मागं सावलीसारखी यायची. एक दिवस नंदाबाई बैठकीला गोंदियाला गेल्या होत्या. तुलसा डबी खिडकीच्या फळीवर ठेवून पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा रिंकू मागच्या भिंतीशी बसली होती. अगदी तुलसासारखी, पाय जवळ घेऊन, तोंड मिटून. ओठांच्या कडेनं काळं ओघळत होतं.

"थुक," तुलसा म्हणाली. "थुक, रिंकू."

रिंकूनं गिळलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम फुटला. तिला उलटी झाली, पुन्हा झाली आणि तिनं मान टाकली. तुलसानं तिला उचललं. बाकीच्या पोरांना शेजारणीच्या अंगणात लोटून ती बकारामच्या दारात गेली. म्हाताऱ्यानं काही न विचारता मोटारसायकल काढली. आरोग्य केंद्रापर्यंतच्या रस्त्यावर तुलसा एका हातानं पोरीला छातीशी धरून दुसऱ्या हातानं तिच्या गालावर चापट्या मारत होती आणि एवढंच बोलत होती, "श्वास घे. श्वास घे."

केंद्रातल्या डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं?"

काय खाल्लं ते कळलं नाही, मशेरी असेल, घरून लावून आली असेल, असं सांगता आलं असतं. तिथं तुलसाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"गुडाखू," तुलसा म्हणाली. "माया डबीतली. मले पाहून घासली तिनं."

डॉक्टर आणि नर्सनं धावपळ केली, सलाइन लावलं. दुपार कलेपर्यंत रिंकूनं डोळे उघडले आणि आजोबाला ओळखलं. संध्याकाळी घरी न्यायला हरकत नाही, पण आजचा दिवस नीट लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. बकाराम बाहेर पायरीवर बसला होता. तुलसा त्याच्यापासून थोडी दूर बसली.

"काऊन अशी डबी टाकून जाते व, बाई?" म्हातारा म्हणाला. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता.

"चुकलं."

मग तुलसा आपणहून म्हणाली, "माया दुर्गेशच्या दाढेतही मीच भरत होती. गुडाखू. दुखे तं भरून देत होती."

"टिकाराम तं ताप म्हणे."

"ताप दाताचाच होता. तो दातानं गेला."

बकारामनं डोक्याचं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. तो हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "कोणता दात?"

"खालची दाढ. उजवीकडली."

दुसऱ्या दिवशी तुलसानं नंदाबाईंना सगळं सांगितलं आणि काढून टाकायचं तर टाका म्हणाली. नंदाबाईंनी काढलं नाही. घरी काय करायचं ते कर, इथं डबी दिसली तर मी वर कळवीन, एवढं म्हणाल्या. रिंकूच्या आईनं पोरीला महिनाभर पाठवलं नाही. मग बकारामच तिला हाताला धरून सोडून गेला.

बकारामनं ऐकलेलं टोल्यात पसरायला वेळ लागला नाही. टिकाराम शेतावरून आला तो तोंड न धुताच चुलीपुढं उभा राहिला. सांज पडायची होती, तुलसा भाकरी थापत होती.

"लोकायले कायले सांगत फिरून राहिली?"

"फिरत नाही. बकारामले सांगितलं."

"मी इतकी वर्सं ताप म्हणून सांगितलं. आता लोक मले खोटा म्हणतीन."

तुलसानं भाकरी उलटली.

टिकाराम खाली बसला. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून. "तो डॉक्टर बोलला होता, काढून घ्या म्हणून," तो म्हणाला. "मी म्हणलं होतं, धान चुरून होऊ दे."

"मी हो म्हणलं होतं."

"मी म्हणलं होतं."

"मी हो म्हणलं होतं ना," तुलसा तशाच सपाट आवाजात पुन्हा म्हणाली. "नेलं नाही ते का तुमी एकट्यानं? दोघांनी नाही नेलं."

इतक्या वर्षांत त्या दोघांमध्ये या विषयावर झालेलं हे पहिलं बोलणं. सुलोचनाबाई आतल्या खोलीत होती, तिला ऐकू गेलं असणार, पण ती बाहेर आली नाही. टिकारामनं गुडघ्यात तोंड घातलं आणि त्याची पाठ हलायला लागली. तुलसा त्याच्याकडं पाहत राहिली. आपणही काहीतरी करायला हवं असं तिला कळत होतं, काय ते सुचत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती बाजूला ठेवली, दुसरी टाकली, ती झाल्यावर ताट वाढून त्याच्यापुढं सरकवलं. तो जेवला.

गुडाखू तिनं त्याच आठवड्यात सोडली. शपथ घेतली नाही की देवापुढं नारळ फोडला नाही. डबी उकिरड्यात टाकली, आणि सुलोचनाबाईनं ती उचलून, पुसून आपल्या कमरेला लावली. तुलसानं सासूला काही म्हटलं नाही. पुढचे दिवस वाईट गेले. डोकं फुटायला आलं, पोट साफ होईना, पोरांवर हात उचलावासा वाटायला लागला. मग तिच्या स्वतःच्या दाढा जाग्या झाल्या. इतकी वर्षं डबीखाली दबलेलं सगळं दुखणं एकदम वर आलं. दोन दाढा तर बोटानं हलत होत्या.

ती एकटीच बसनं गोंदियाला गेली आणि त्याच डॉक्टरणीला शोधून काढलं. डॉक्टरणीनं हिरडीत सुई दिली. गाल, ओठ, अर्धी जीभ लाकडाची झाली.

"दुखतंय?" चिमटा लावताना डॉक्टरीण म्हणाली.

तुलसानं मान हलवली. दुखत नव्हतं. हाडावर ओढ बसत होती, कडकड आवाज कानात येत होता, पण ते सगळं कुठंतरी दूर चाललं होतं. तिला त्याची सवय होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. दवनीवाडा यायच्या आत सुईचा असर उतरला आणि ठणका सुरू झाला, आधी हळू, मग जबड्यापासून कानापर्यंत. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. शेजारच्या अनोळखी बाईनं विचारलं, "का झालं व?"

"दात काढला."

"लई दुखते का?"

"हो," तुलसा म्हणाली. ती गाव येईपर्यंत रडत होती. त्या बाईला ते दाताचं वाटलं. तुलसानंही तसंच मानलं.

त्यानंतर ती काही वेगळीच बाई झाली, असं नाही. पूर्वीसारखीच कमी बोलायची. पण पोरं गोळा करायला घरोघर जाताना एखाद्या लेकराचा दात काळा दिसला तर दारातच थांबायची. आई म्हणायची, दुधाचा आहे, पडेल. तुलसा म्हणायची, "माया पोराचाही दुधाचाच होता." बस्स, एवढंच. आवाज चढवायची नाही, डोळ्यांत पाणी आणायची नाही, बसचं तिकीट फाडून दिल्यासारखं सांगायची आणि पुढच्या घरी जायची. बायकांना ते ऐकवायचं नाही. काही जणी तिला पाहून दार लोटून घ्यायच्या. पण संध्याकाळी सासूला सांगून, नवऱ्याला सांगून पोराला गोंदियाला घेऊन जायच्या. रात्रीची शिशी बऱ्याच घरांतून बंद झाली. रुचिचे दातही तिनं त्याच काळात एकदा उजेडात धरून पाहिले. बरे होते. रुचि तेव्हा शाळेतल्या मोठ्या मुलींमध्ये मोडायला लागली होती. आईचा हात हनुवटीवरून निघेपर्यंत ती मुकाट उभी राहिली.

सगळं काही सुधारलं नाही. तिरोड्याला वीज कारखान्याचं काम सुरू झालं, टोल्यातली पोरं तिकडं मजुरीला जायला लागली आणि परत येताना खिशात खर्रा घेऊन यायला लागली. सुपारी-तंबाखूचा चुरा, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. वर्षं गेली तसे तुलसानं ज्यांचे दात घासले होते त्यातलेही काही जण त्यात दिसायला लागले. तिला पाहून एखादा तोंड फिरवायचा. ती थांबायची नाही. पुढं केव्हातरी शाळेत तपासणी झाली तेव्हा आलेल्या लोकांनी या टोल्यातल्या लहान पोरांचे दात चांगले आहेत असं नंदाबाईंना सांगितलं. नंदाबाईंनी ते धावत येऊन तुलसाला सांगितलं. तुलसा आलू चिरत होती. "बरं झालं," ती म्हणाली आणि उरलेले आलू चिरले.

त्याच्या पुढच्या साली, वैशाखात, टिकाराम घरावरची कौलं फेरत होता. पाऊस यायच्या आत जुनी, फुटकी कौलं काढून नवी बसवायची होती. अर्धं छप्पर उघडं पडलं होतं. दुपारी एक अनोळखी माणूस सायकलवरून आला, पुढं दांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. तिचा गाल सुजलेला होता. नदीपलीकडच्या गावचा होता तो, त्याला कोणीतरी सांगितलं होतं की या घरचा पोरगा दातानं गेला, त्यांना विचार. तुलसा अंगणवाडीत होती.

टिकारामनं वरूनच विचारलं, "गळा कडक आहे का? थुका गिळते का?"

"गिळते. पण कालपासून काही खाल्लं नाही तिनं. सुकू दे उन्हाळीचं धान, मग नेऊ म्हणत होतो."

टिकाराम शिडीवरून उतरला. हात धुतले, मोटारसायकल काढली, बापाला मागं आणि पोरीला मध्ये बसवून तो गोंदियाला गेला. ताटातलं जेवण तसंच झाकून ठेवलं होतं.

तो परत आला तेव्हा ऊन कलत आलं होतं. तुलसा घरी आली होती. अर्धं उघडं छप्पर आणि अंगणात पडलेली सायकल पाहून तिनं विचारलं होतं आणि सुलोचनाबाईनं सगळं सांगितलं होतं.

"काढला का?" तिनं विचारलं.

"काढला. पू होता. दवाई देली, उद्या पुन्हा बोलावलं, म्हणून ते आज तिथंच राहिले." त्यानं गडव्यातलं पाणी पिऊन घेतलं. "पोट्टी तिथंच भूक लागली म्हणत होती. मी दूध पाजलं. बिनसाखरेचं."

"कोणता होता?"

"खालचा," टिकाराम म्हणाला.

तुलसानं मान हलवली. त्यानं वर पाहिलं. पश्चिमेकडं ढग नव्हते आणि उजेड अजून होता. तो शिडी चढून वर गेला. तुलसानं पदर खोचला आणि खालून एकेक कौल त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली.